गोळीआधी कारण कळू द्या : गुडीहत्नूरच्या थायरॉईड रुग्णांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद
मा. जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, आदिलाबाद
मा. संचालक, राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था (रिम्स), आदिलाबाद
मा. प्रकल्प अधिकारी, आयटीडीए, उटनूर

विषय : थायरॉईड जास्त झाल्याचे निदान झालेल्या रुग्णाला औषध सुरू करण्यापूर्वी गळ्याच्या कलर डॉप्लर सोनोग्राफीने कारण ठरवण्याबाबत.

महोदय,

गुडीहत्नूर मंडलातले थायरॉईडचे रुग्ण, त्यांच्या घरची माणसे आणि त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या-आणणाऱ्या काही आशाताई अशी आमची संघटना आहे. आमच्यात मराठी बोलणारे जास्त, बाकी तेलुगू, गोंडी आणि लंबाडी बोलणारे. मागणीपत्र मराठीत आहे. तेलुगू प्रत सोबत जोडली आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो की आम्ही नवे यंत्र मागत नाही, नवी इमारत मागत नाही, नवे पद तर मागतच नाही. गरोदर बायांसाठी, पोटदुखीसाठी, पायाच्या नसांसाठी जी कलर डॉप्लरची यंत्रे रोज चालतात, तीच थोडा वेळ गळ्यावर ठेवावीत आणि जे दिसेल ते रिपोर्टात लिहावे, एवढेच मागणे आहे. थायरॉईड जास्त आहे म्हणून गोळी लिहिण्याआधी तो कशामुळे जास्त झाला, हे डॉक्टरला आणि रुग्णाला कळले पाहिजे.

2021 साली तेलंगणा डायग्नोस्टिक्सचे केंद्र जिल्ह्यात आले. तेव्हापासून पीएचसीत रक्त द्यायचे आणि थायरॉईडचा रिपोर्ट फुकट मिळायचा, ही मोठी सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण रक्ताचा रिपोर्ट सोपा झाला आणि त्याच्या पुढची पायरी आहे तिथेच राहिली. फाईल उघडा. पहिल्या पानावर टीएसएच 0.01, टी-फोर वाढलेला. दुसऱ्या पानावर कार्बिमाझोल, रोज इतके मिलिग्रॅम, महिन्याने दाखवा. या दोहोंच्या मधले पान नाही.

आदिलाबादची डिसेंबरातली थंडी सगळ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. पहाटे शेकोटीजवळही दात वाजतात. अशा दिवसांत एखादी बाई घामाने भिजून ओसरीवर वारा घेत बसते. बांगड्या मनगटावरून निसटतात, दोन भाकरी जास्त खाऊनही अंग वाळत जाते, छातीत धडधड होते, आणि बोटे इतकी थरथरतात की बोंडातला कापूस धड निघत नाही. घरचे आधी म्हणतात जिवाला घोर लागला, मग म्हणतात बाहेरचे काही लागले. गावातला आरएमपी ताकदीची सलाईन लावतो. केव्हातरी कोणी रक्त तपासायला सांगते. रिपोर्टात टीएसएचचा आकडा खाली गेलेला दिसतो, म्हणून कोणी 'थायरॉईड कमी झाला' असा अर्थ लावून शेजारणीची थायरॉक्सिनची गोळीही उसनी देते. टीएसएच खाली गेला म्हणजे अंगात थायरॉईडचे संप्रेरक जास्त झाले, हे साधे वाक्य रिपोर्टावर छापायला काय हरकत आहे, असे आम्हाला नेहमी वाटते. ती मागणी मात्र या पत्रात घातलेली नाही. मूळ मुद्दा त्यापुढचा आहे.

संप्रेरक जास्त होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या उलट जातात. ग्रेव्हज नावाच्या आजारात शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवतात आणि ग्रंथी रात्रंदिवस नवे संप्रेरक बनवते. थायरॉयडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेले संप्रेरक रक्तात गळते; नवे काही बनतच नसते. जिनिंग मिल रात्रंदिवस चालणे वेगळे आणि गोदामाची भिंत पडून गाठी रस्त्यावर येणे वेगळे. रस्त्यावर दोन्ही वेळा कापूसच दिसतो, पण भिंत पडली म्हणून मिल बंद करून काय होणार? कार्बिमाझोल ही मिल बंद करणारी गोळी आहे. ग्रेव्हजमध्ये ती बारा ते अठरा महिने घ्यावी लागते आणि तिथे ती हवीच. थायरॉयडायटिसमध्ये तिचा उपयोग शून्य. साठा दोन-तीन महिन्यांत आपोआप संपतो, त्यानंतर बऱ्याच जणांचा थायरॉईड काही काळ उलट कमी होतो. नेमक्या त्या वेळी पोटात कार्बिमाझोल जात असेल, तर सुजलेली, थकलेली, केस गळणारी बाई 'औषध लागू पडले' म्हणून घरी पाठवली जाते.

तिसरा प्रकार गाठींचा. गळ्यातली एखादी किंवा अनेक गाठी स्वतःच्या मर्जीने संप्रेरक बनवू लागतात. गोळीने त्या आवरतात, पण गोळी थांबवली की पुन्हा डोके वर काढतात. कायमचा इलाज रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आयोडीन कमी मिळाले, तिथे असे गाठींचे गळे जास्त दिसतात. आमच्या डोंगराकडच्या गावांत गलगंड असलेल्या म्हाताऱ्या बाया आजही भेटतील. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर 2006 पासून देशभर बंदी आहे. आठवडी बाजारात सुटे खडेमीठ अजून विकले जाते, ते कोणी तपासते का, हा प्रश्न आम्ही वेगळा विचारू.

आता सोनोग्राफी. रुग्णाच्या खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवतात, गळ्याला थंड जेल लावून बारीक भागांसाठीचा सपाट प्रोब फिरवतात. आधी करड्या चित्रात ग्रंथी केवढी आहे, एकसारखी आहे की डागाळलेली, गाठ आहे का, हे दिसते. मग रंग चालू करतात. ग्रेव्हजची ग्रंथी मोठी असते आणि पडदा लाल-निळ्या ठिपक्यांनी गच्च भरून जातो. 1988 साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी या चित्राला 'थायरॉईड इन्फर्नो' म्हटले. थायरॉयडायटिसमध्ये तोच पडदा जवळजवळ रिकामा राहतो. दुखऱ्या प्रकारात, ज्याला डी क्वेर्वेन म्हणतात, काळपट ओबडधोबड चट्टे दिसतात आणि प्रोब दाबला की रुग्ण 'आई गं' म्हणतो. नुसत्या नजरेवर विसंबायचे नसेल तर ग्रंथीला खालून रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतला वेग मोजता येतो. ग्रेव्हजमध्ये हा वेग सहसा सेकंदाला 40 सेंटीमीटरच्या वर जातो, थायरॉयडायटिसमध्ये खाली राहतो. ज्याला गरोदरपणात बाळाच्या नाळेतला रक्तप्रवाह मोजता येतो, त्या डॉक्टरला हे नवे नाही.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणांवरून कारण स्पष्ट होत नसेल तेव्हा तीन वाटा सांगितल्या आहेत : टीआरएबी या प्रतिपिंडाची रक्ततपासणी, ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन किती शोषते याचे मापन, किंवा सोनोग्राफीवर ग्रंथीतल्या रक्तप्रवाहाचे मापन. आपल्याकडे जे उपलब्ध असेल आणि जे करणारी माणसे असतील, त्याप्रमाणे निवडावे, असे तिथेच म्हटले आहे. गुडीहत्नूरसारख्या ठिकाणासाठीच लिहिले असावे असे वाक्य आहे ते! मुंबईत परळला 1963 पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे थायरॉईडचे किरणोत्सारी स्कॅन पिढ्यान्‌पिढ्या होत आले. पण तपासणीत वापरले जाणारे टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होते. ते बनवणारी यंत्रणा मोठ्या शहरातच परवडते. आमच्यापासून नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. आदिलाबाद वीस-बावीस किलोमीटर. हिशेब साधा आहे.

डॉप्लर सगळे सांगते असा आमचा दावा नाही. गाठ दिसली तरी ती संप्रेरक बनवते आहे की नुसतीच बसली आहे, हे सोनोग्राफी ठामपणे सांगू शकत नाही. हाशिमोटोसारख्या आजारातही कधी कधी रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. प्रोब जोरात दाबला किंवा यंत्राची सेटिंग चुकली तर चित्र फसवते. आणि गोळी सुरू झाल्यावर रक्तप्रवाह कमी होत जातो, म्हणून दोन महिन्यांनी केलेल्या डॉप्लरला फारसा अर्थ उरत नाही. आमच्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण तो सगळा भर वेळेवर देतो. आज आमच्याकडे होते ते उलट होते : आधी गोळी, गुण आला नाही तर मग स्कॅनिंग.

यावरून आमच्या मागण्या अशा :

पहिली. टीएसएच दबलेला आणि टी-थ्री किंवा टी-फोर वाढलेला असा रिपोर्ट आलेल्या प्रत्येक रुग्णाची डॉप्लर सोनोग्राफी कार्बिमाझोल सुरू करण्यापूर्वी व्हावी, असे लेखी निर्देश जिल्ह्यातल्या सर्व पीएचसी व सरकारी रुग्णालयांना द्यावेत. मधल्या काळात धडधड आणि थरथर यांवर प्रोप्रॅनोलॉल देता येते. दम्याच्या रुग्णाला मात्र ते देऊ नये, हे निर्देशातच लिहावे. यात सूट कोणाला, तेही आम्हीच सांगतो. ज्याचे डोळे बाहेर आले आहेत आणि गळा एकसारखा फुगला आहे, त्याला ग्रेव्हज आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसते. त्याला स्कॅनिंगची वाट पाहायला लावू नये. ज्याला तीव्र ताप, भ्रम, हृदय निकामी होण्याची लक्षणे आहेत, त्याला तर मिनिटभरही थांबवू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दुसरी. गळ्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात दोन ओळी सक्तीच्या कराव्यात : ग्रंथीतला रक्तप्रवाह कमी, नेहमीसारखा की वाढलेला, आणि खालच्या थायरॉईड रोहिणीतला सर्वाधिक वेग किती. 'थायरॉईड सौम्य वाढलेला, क्लिनिकल संदर्भ पाहावा' असा रिपोर्ट घेऊन आम्ही परत येतो तेव्हा त्यातून ना आम्हाला काही कळते ना पीएचसीच्या डॉक्टरला. हे काम छापील नमुन्यात दोन रकाने वाढवल्याने होते. खर्च शाईचा.

तिसरी. आदिलाबादला आठवड्यातून एक अर्धा दिवस थायरॉईडच्या डॉप्लरसाठी राखून ठेवावा आणि पीएचसीतून फोनवर नंबर लावण्याची सोय करावी. उटनूरलाही अशी सोय झाली तर इंद्रवेल्लीकडच्या गोंड वस्त्यांतल्या लोकांची दुहेरी फेरी वाचेल. बायांना 9 डिसेंबर 2023 पासून आरटीसीच्या बसचे तिकीट लागत नाही, हे खरे. दिवसाची मजुरी मात्र बुडते, आणि वेचणीच्या दिवसांत ती बुडवायला कोणी तयार होत नाही. सकाळी रांगेत उभे राहून 'आज गरोदर बायांचाच दिवस आहे, उद्या या' हे ऐकून परत फिरलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही.

चौथी मागणी बाळंतिणींची आहे आणि ती आम्ही सर्वांत आग्रहाने करतो. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईडला सूज येण्याचा एक प्रकार आहे. संप्रेरक जास्त होण्याचा त्याचा काळ बहुधा पहिल्या ते सहाव्या महिन्यात येतो. आमच्या भागात मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी. सासर गुडीहत्नूरला, माहेर राज्याच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात, किनवटला किंवा पांढरकवड्याला. ती बाळाला घेऊन परत येते तेव्हा अंग उतरलेले असते, झोप नसते, चिडचिड असते. सासरी म्हणतात, माहेरी नीट खाल्ले नसेल. कागद तिकडच्या दवाखान्यात राहिलेले, रक्त इकडे तपासलेले. ग्रेव्हज आहे की सूज, हे ठरवायला किरणोत्सारी आयोडीन अंगावर दूध पाजणाऱ्या आईला देता येत नाही. गोळीही विनाकारण देणे बरे नव्हे. पुढचा गर्भ लवकर राहिला तर पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल बाळाच्या घडणीला धोका करते. अशा बाईसाठी डॉप्लर हाच जवळचा आणि निर्धोक मार्ग.

म्हणून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणाला आई बाळाला घेऊन येतेच, तेव्हा एएनएम किंवा आशाताईने तिला तीन प्रश्न विचारावेत : छाती धडधडते का, हात थरथरतात का, खाऊनही वजन उतरते आहे का. हो म्हटले की रक्त, आणि रक्तात दोष दिसला की डॉप्लर. तिच्या हातात एक पानी थायरॉईड कार्ड द्यावे, ज्यावर तारीख, टीएसएच, टी-फोर, डॉप्लरचा निष्कर्ष आणि औषध असेल. ते किनवटच्या डॉक्टरनेही वाचावे आणि इथल्याही. दोन राज्यांची सरकारे आपसात काय ठरवतील ते ठरवोत, कार्डाला सीमेवर कोणी अडवत नाही.

पाचवी. डॉप्लरने निकाल लागला नाही अशा रुग्णांसाठी टीआरएबी तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. खासगीत ती टीएसएचच्या कितीतरी पट महाग पडते, म्हणून सरसकट मागत नाही. आणि गळा दुखत असेल तर ईएसआर आधी करावा. दुखऱ्या थायरॉयडायटिसमध्ये तो बहुधा खूप चढलेला असतो आणि तपासणी काही रुपयांची आहे.

सहावी. गाठीचा संशय असलेल्यांना टेक्नेशियम स्कॅनसाठी हैदराबादला पाठवताना चिठ्ठीवर नुसते 'पुढील उपचारासाठी' न लिहिता 'गाठ संप्रेरक बनवते का, हे पाहण्यासाठी' असे लिहावे, म्हणजे तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही.

सातवी. कार्बिमाझोल देताना मराठी, तेलुगू आणि चित्रांची एक चिठ्ठी सोबत द्यावी. ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले तर गोळी त्याच दिवशी थांबवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. हा धोका क्वचितच होतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. गावात घसा दुखला की कोणी सीबीसी करत नाही, हळद-दूध घेतात. चिठ्ठी गोंडी आणि लंबाडी बोलणाऱ्यांना आशाताईने वाचून दाखवावी.

यावर काय उत्तर मिळेल याचा आम्हाला अंदाज आहे. एक, रेडिओलॉजिस्टला वेळ नाही. खरे आहे. महामार्गावरचे अपघात, गरोदर बाया, पोटाचे रुग्ण, सगळे एकाच खोलीबाहेर बसलेले असतात. पण चुकीच्या निदानाचा रुग्ण वर्षभर दर महिन्याला येतो. एकदाच्या डॉप्लरने त्यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतील आणि ओपीडीवरचा भारही. दोन, सोनोग्राफीवर पीसीपीएनडीटी कायद्याची बंधने आहेत. 1994 चा हा कायदा आमच्या मुलींसाठी आहे, त्यात सैल काही नको. गळ्याच्या तपासणीला फॉर्म एफ लागत नाही, तो गर्भवतीच्या तपासणीसाठी आहे. आणि यंत्र गावोगाव फिरवावे असेही आम्ही म्हणत नाही. शिबिरात यंत्र आणण्यापेक्षा नोंदणी असलेल्या जागी रुग्णाला नेणे बरे. न्यायची जबाबदारी आमची संघटना आणि आशाताई घेतील.

तीन, कोणी म्हणेल की लोकांनीच तपासणीची हौस करू नये, डॉक्टरांवर सोडावे. आम्ही डॉक्टरांवरच सोडतो आहोत. फक्त त्यांच्या हातात मधले पान द्या म्हणतो आहोत.

पहिल्या दोन मागण्यांना एक पैसाही लागत नाही, त्यामुळे त्यांचा निर्णय या महिन्यातच व्हावा. बाकीच्यांसाठी जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, रिम्सचे रेडिओलॉजी व मेडिसिन विभाग, आयटीडीए आणि आमचे तीन प्रतिनिधी यांची एक बैठक बोलवावी. बैठक आदिलाबादला असो की उटनूरला, आम्ही येऊ. फक्त बाजाराच्या दिवशी ठेवू नये. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि त्यात 'विचाराधीन आहे' असे न लिहिता कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, हे मागणीवार लिहावे, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
गुडीहत्नूर मंडल, जिल्हा आदिलाबाद